खणातली हवा : एका ट्रॉलरवरच्या दोन मृत्यूंचा तपास

मे महिन्याचा तिसरा आठवडा. १ जूनपासून मासेमारी बंद होणार म्हणून सिंधुदुर्गातल्या एका बंदरात बोटी शाकारायची घाई सुरू होती. त्यांतला एक ट्रॉलर गिअरबॉक्स गेल्यामुळे अकरा दिवस जेट्टीला नुसताच बांधून होता. शेवटच्या फेरीची चांगली मासळी उतरवली होती, पण खणाच्या, म्हणजे मासळी साठवायच्या बोटीतल्या बंद कप्प्याच्या, तळाशी बारीकसारीक टाकाऊ मासळी, वितळलेल्या बर्फाचं पाणी आणि धुण्यासाठी मारलेलं समुद्राचं पाणी तसंच राहिलं होतं. वरचं झाकण घट्ट लावलेलं, त्यावर ताडपत्री आणि ताडपत्रीवर मेचं ऊन.

सकाळी साडेदहाच्या सुमारास झाकण उघडलं गेलं. चोवीस वर्षांचा एक नेपाळी खलाशी फावडं आणि बादली घेऊन खाली उतरला. तीन-चार बादल्या वर आल्या, मग दोर ढिला पडला. वरून हाका मारल्या, उत्तर नाही. तांडेलाचा, म्हणजे बोटीच्या प्रमुखाचा, पुतण्या, वय अठ्ठावीस, शिडीवरून धावतच खाली गेला आणि दोन-तीन पायऱ्यांवरूनच कोसळला. मग तांडेल स्वतः उतरला, पण त्याने कमरेला दोर बांधून घेतला होता. तोही पडला. वरच्या दोघा पोरांनी त्याला ओढून काढलं. तांडेल वाचला, बाकीचे दोघे गेले.

मी त्या वेळी किनाऱ्यावरच्याच एका रुग्णालयात न्यायवैद्यकाचं काम पाहत होतो. दोन्ही मृतदेह दुपारी माझ्याकडे आले. संबंधितांची ओळख पटू नये एवढ्यापुरतं लिहिताना सांभाळून घेतलं आहे.

मृतदेह येण्याआधी तर्क येऊन पोहोचले होते. एक म्हणे, खणात सोडलेल्या बल्बच्या वायरचा शॉक लागला. दुसरा म्हणे, रात्री दोघांची दारूवरून बाचाबाची झाली होती आणि पुतण्याच्या डोक्याला जखम आहे, म्हणजे आत मारामारी झाली. तिसरं मत, दीड फूट पाण्यात पडून बुडाले. गॅसचं नावही कोणीतरी काढलं होतं, पण बंदरातल्या एका वयस्कर माणसाने ते खोडून काढलं. घटनेनंतर लगेच त्याने स्वतः दोराला कंदील बांधून खणात सोडला होता. "कंदील पेटतोच होतो. मगे गॅस खंयचो?" हे त्याचं वाक्य पंचनाम्यात जसंच्या तसं उतरलं होतं.

या वाक्यापाशी मी बराच वेळ थांबलो, कारण तो माणूस खोटं बोलत नव्हता. कोकणात विहिरीत उतरण्याआधी कंदील सोडायची रीत जुनी आहे आणि तिने कित्येक जीव वाचवले आहेत. बंद विहिरीत प्राणवायू कमी होतो, कार्बन डायऑक्साइड साठतो आणि ज्योत विझते. हवेत प्राणवायू २०.९ टक्के असतो, तो साधारण १६-१७ टक्क्यांवर उतरला की ज्योत टिकत नाही. माणूस त्याहून थोड्या कमी प्राणवायूतही काही वेळ तग धरतो, म्हणून कंदील माणसाच्या आधी इशारा देतो. पण सडक्या मासळीतून निघणारा हायड्रोजन सल्फाइड वायू माणसाला मारायला प्राणवायू संपायची वाट पाहत नाही. दहा लाख भाग हवेत त्याचे हजार भाग, म्हणजे फक्त ०.१ टक्का, असले तरी एक-दोन श्वासांत माणूस कोसळतो. सायनाइडप्रमाणे हा वायू पेशींची प्राणवायू वापरण्याची क्रियाच बंद पाडतो. एवढ्याशा वायूने कंदिलाच्या ज्योतीला काहीही होत नाही. विहिरीसाठी खरी असलेली खूण खणासाठी खोटी ठरते, हे त्या म्हाताऱ्याला कोणी कधी सांगितलंच नव्हतं.

दुसरी अडचण अधिक मोठी होती. अग्निशमन दलाच्या लोकांनी येऊन आधी खणात पंख्याने हवा मारली, पंपाने बरंच पाणी उपसलं आणि मग मृतदेह काढले. सुटकेसाठी हेच बरोबर होतं, आत कोणी जिवंत असण्याची शक्यता होती. पण संध्याकाळी एका यंत्राने खणाच्या तोंडाशी हवा मोजली गेली आणि कागदावर आलं : प्राणवायू २०.८ टक्के, हायड्रोजन सल्फाइड शून्य. आकडे खरे होते, पण ते संध्याकाळच्या हवेचे होते. सकाळी साडेदहाला त्या दोघांनी घेतलेली हवा तोवर समुद्रावर निघून गेली होती. वायूने झालेल्या मृत्यूत हत्यार जागेवर राहत नाही. म्हणून मी पोलीस उपनिरीक्षकांना फोन करून एकच विनंती केली : उरलेला गाळ कोणालाही काढू देऊ नका, झाकण लावा, ताडपत्री बांधा आणि सील करा. "साहेब, उद्या मालक ओरडेल," ते म्हणाले. पण त्यांनी सील केलं, आणि पुढचा सगळा तपास त्या सीलवर उभा राहिला.

शवविच्छेदन सकाळपर्यंत थांबवायचं नाही, असं मी ठरवलं. मेमधला उकाडा आणि शीतपेटीचा भरवसा नाही. मृतदेह कुजू लागला की शरीरातच सल्फाइड तयार होतं, मग प्रयोगशाळेला सापडलेलं सल्फाइड श्वासातून आलं की कुजण्यातून, हे सांगता येत नाही. खोलीच्या दोन्ही खिडक्या उघड्या ठेवल्या, पंखे लावले. मदतनिसाला बजावून ठेवलं होतं की छाती आणि पोट उघडताना चेहरा वर वाकवायचा नाही. अशा मृत्यूत कपड्यांत आणि फुफ्फुसांत अडकलेला वायू टेबलापाशी उभ्या असलेल्यांनाही बाधतो. ओले कपडे आधीच हवाबंद पिशव्यांत गेले.

खलाशाच्या नाका-तोंडाशी फेस होता, नखं आणि ओठ निळसर. पुस्तकात या विषबाधेत मेंदूला आणि आतल्या अवयवांना हिरवट झाक येते असं वर्णन असतं. तशी झाक दोघांतही नव्हती, आणि ती नसते तेव्हा निदान सोडून द्यायचं नसतं. फुफ्फुसं जड, पाणी भरलेली. श्वासनलिका उघडली तेव्हा आतून करडा-काळा गाळ आला. तो धुऊन घेत घेत मी पुढच्या फाट्यांत गेलो. उजव्या फुफ्फुसाच्या बऱ्याच आतल्या नळीत चिमट्याला काहीतरी पातळ लागलं. दिव्याखाली धरलं तर माशाचं खवलं होतं, नखाएवढंही नाही, कडेला अजून चकाकणारं. मेलेल्या माणसाच्या तोंडात गाळ शिरू शकतो, घशातही जाऊ शकतो. इतक्या खोल नळीत खवलं जायचं तर माणसाने श्वास ओढावा लागतो. म्हणजे तो पालथा पडला तेव्हा त्याचा श्वास चालू होता.

मग हा बुडून झालेला मृत्यू म्हणायचा का? दीड फूट पाण्यात चोवीस वर्षांचा धडधाकट खलाशी, जन्मभर नव्हे तरी चार हंगाम समुद्रावर काढलेला, पालथा पडून राहतो आणि हातही टेकत नाही. तळहातांना, कोपरांना, गुडघ्यांना धडपडीची एकही खूण नव्हती. पाण्यात पडण्याआधीच त्याची शुद्ध गेली होती. "बुडून मृत्यू" एवढंच लिहिलं असतं तर ते अर्धं खरं ठरलं असतं आणि तपास तिथेच संपला असता.

पुतण्याच्या फुफ्फुसांत गाळ नव्हता. तो शिडीच्या पायथ्याशी भिंतीला टेकून अर्धवट बसल्यासारखा सापडला होता, डोकं पाण्याबाहेर. त्याचीही फुफ्फुसं पाण्याने भरलेली होती, पण बाहेरच्या पाण्याने नाही. डोक्याची जखम दीड इंचाची, त्वचेपुरती. कवटी शाबूत, आत रक्तस्राव नाही, मेंदूला मार नाही. जखमेची एक कड सरळ आणि शेजारी समांतर खरचटलेलं. तिसऱ्या दिवशी सील उघडून शिडी पाहिली तेव्हा खालून तिसऱ्या लोखंडी पायरीच्या कडेला रक्त आणि दोन केस चिकटलेले होते. मारामारीचा तर्क तिथेच मिटला. शिवाय त्या पायरीने आणखी एक गोष्ट सांगितली. तो तळाला पोहोचून पडला नव्हता, वरच बेशुद्ध होऊन खाली आपटत गेला होता. म्हणजे विषारी हवा गाळालगतच नव्हती, ती माणसाच्या छातीच्या उंचीच्याही वर चढली होती. हा वायू हवेपेक्षा थोडाच जड असतो, सुमारे १.२ पट, ढवळला की सहज वर येतो.

शॉकचा तर्क खोडायला वेळ लागला नाही. दोघांच्याही अंगावर विजेच्या प्रवेशाची खूण नव्हती आणि बल्ब बोटीच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर होता.

पुतण्याच्या उजव्या मनगटात चांदीचं कडं होतं, कोळशासारखं काळं. हायड्रोजन सल्फाइडने चांदी काळी पडते, हे कोणत्याही सोनाराला माहीत असतं. पण मासळीत हात घालणाऱ्या माणसाची चांदी एरवीही काळवंडते, म्हणून नुसत्या काळ्या कड्याला मी पुरावा मानलं नसतं. पोलिसांनी घरी चौकशी केली. लग्नाला पंधरा दिवस झाले होते, कडं सासरहून आलेलं. आदल्या संध्याकाळच्या पूजेच्या मोबाइलवरच्या फोटोत ते पांढरंशुभ्र दिसत होतं. कडं काढल्यावर मनगटाला घट्ट चिकटलेल्या आतल्या बाजूला बोटभर लांबीची उजळ पट्टी राहिलेली मिळाली. फोटो आणि कडं दोन्ही मुद्देमालात घेतलं. आधाराचा पुरावा एवढंच त्याचं मोल आहे, पण आधार भक्कम होता.

रक्त सोडियम फ्लोराइडच्या बाटल्यांत, वर हवेला जागा न ठेवता, काठोकाठ भरून थंडीत ठेवलं. लघवीही घेतली. नमुने न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेकडे पाठवताना मी स्वतंत्र पत्र जोडलं की थायोसल्फेट तपासावं. शरीरात गेलेल्या सल्फाइडपासून थायोसल्फेट तयार होतं आणि सल्फाइडपेक्षा ते टिकाऊ असतं. व्हिसेराच्या, म्हणजे तपासणीसाठी काढलेल्या अवयवांच्या, बरणीवर नुसतं "विषबाधेचा संशय" लिहून पाठवलं तर समोरच्या रसायनशास्त्रज्ञाने काय शोधायचं? तो कीटकनाशकं शोधणार, दारू शोधणार, आणि अहवाल येणार "विष आढळले नाही". गॅसच्या मृत्यूत ही ओळ नातेवाइकांच्या मुळावर येते.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सील उघडलं. लोट्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याचा सुरक्षा अधिकारी आपलं चार वायू मोजणारं यंत्र घेऊन पहाटेच निघाला होता. यंत्राला लांब नळी होती, म्हणजे कोणालाही आत उतरावं लागणार नव्हतं. आम्ही वाऱ्याच्या बाजूला उभे राहिलो. झाकणालगत प्राणवायू २० टक्क्यांच्या आसपास, हायड्रोजन सल्फाइड ६ पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत सहा भाग. चार फुटांवर प्राणवायू १८, सल्फाइड २१. गाळाच्या हातभर वर प्राणवायू १६ आणि सल्फाइड ४४. उपनिरीक्षक माझ्याकडे पाहू लागले. या आकड्यांत माणूस आजारी पडतो, पण क्षणात कोसळत नाही.

मग आम्ही एक लांब बांबू आत सोडला आणि वरूनच गाळ ढवळला. खलाशाने फावड्याने ढवळला असेल तसा, पाच-सहा वेळा. वीस सेकंदही झाली नसतील, यंत्र किंचाळायला लागलं. आकडा ६०, ८५, १०० झाला आणि तिथे अडकला, कारण त्या यंत्राची सल्फाइड मोजायची मर्यादाच १०० होती. खरा आकडा किती पुढे गेला ते त्या दिवशी कळलं नाही. आम्ही सगळे न सांगता चार पावलं मागे सरकलो.

खणात अकरा दिवस काय चाललं होतं, ते आता जुळवता येत होतं. सडणाऱ्या मासळीने आधी बंद हवेतला आणि पाण्यातला प्राणवायू खाल्ला. प्राणवायू संपला की वेगळे जिवाणू पुढे येतात, जे समुद्राच्या पाण्यातलं सल्फेट वापरून जगतात. समुद्राच्या लिटरभर पाण्यात हे सल्फेट जवळजवळ २.७ ग्रॅम असतं, म्हणजे त्यांना खाद्याची कमी नव्हती. माशांच्या प्रथिनांतलं गंधकही होतं. तयार झालेला वायू गाळात आणि पाण्यात विरघळून राहिला, बंद सोड्याच्या बाटलीत राहतो तसा. पहिल्या तीन-चार बादल्या सुखरूप वर आल्या, कारण तो वरवरचं उपसत होता. फावडं तळाला लागलं तेव्हा बाटली हलवली गेली. झाकण उघडताना हवा कशी होती यावर त्याचा जीव अवलंबून नव्हता, आणि उतरण्याआधी एकदा मोजून भागलं नसतं. काम चालू असताना सतत मोजावं लागलं असतं.

गाळाची एक बाटली मी जवळच्या कनिष्ठ महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत नेली. तिथल्या सरांनी, या वायूने काळा पडणारा, लेड अ‍ॅसिटेटचा ओला कागद बाटलीच्या तोंडावर धरला. कडेने तपकिरी होत होत तो पाहता पाहता काळाकुट्ट झाला. बारावीला हा वायू तयार करणाऱ्या किपच्या उपकरणाशेजारी उभं राहिलेल्या प्रत्येकाला तो वास आठवतो. दुसरी बाटली झिंक अ‍ॅसिटेट घालून रीतसर प्रयोगशाळेला गेली.

तांडेलाचा जबाब मी स्वतः रुग्णालयात ऐकला. त्याचे डोळे लाल होते, बोलताना खोकला थांबत नव्हता.

"डॉक्टरानू, पयलो घाण वास इलो. कुसक्या अंड्यासारखो. मगे वास गेलो. माका वाटला, वारो खेळूक लागलो."

या चार वाक्यांचं मोल प्रयोगशाळेच्या अहवालाइतकंच आहे. हा वायू अगदी अल्प असताना नाकाला कळतो, एका पीपीएमच्या अंशालाही. पण १०० पीपीएमच्या पुढे गेला की वासाची संवेदनाच बधिर होते. वास जातो तेव्हा हवा सुधारलेली नसते, बिघडलेली असते. किनाऱ्यावर वास गेला म्हणजे घाण गेली असं धरून लोक आयुष्यभर काम करतात, आणि इतर ठिकाणी ते खरंही असतं.

दोर का बांधला, असं विचारलं. लहानपणी विहिरीत त्याच्या डोळ्यांदेखत दोघे एकामागोमाग गेले होते. "पोरांका सांगलंय, हाक नाय दिलंय तर खेचा." त्या सकाळी त्या बोटीवर सुरक्षेचं म्हणून जे काही होतं, ते एवढंच. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम ३६ मध्ये हेच लिहिलेलं होतं : अशा बंदिस्त जागेत एकतर जाणकाराने हवा तपासून लेखी दाखला द्यावा, नाहीतर उतरणाऱ्याने श्वसनयंत्र लावावं आणि त्याच्या पट्ट्याचा दोर बाहेरच्या माणसाच्या हातात असावा. कारखान्यासाठी लिहिलेला हा नियम बंदरातल्या खणापर्यंत पोहोचलेला मी कधी पाहिला नाही. अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा संस्थेने, नायॉशने, १९८६ मध्ये नोंदवलं होतं की बंदिस्त जागांतल्या मृतांपैकी ६० टक्क्यांहून अधिक जण वाचवायला गेलेले असतात. पुतण्या त्यांतलाच. त्याला दोष देणारं बोलणं मी बंदरात ऐकलं आणि मला ते सहन झालं नाही. खाली आपला माणूस पडलेला दिसल्यावर धावणं हा दोष नव्हे. धावण्याआधी काय हातात असायला हवं ते त्याला कोणी दिलं नव्हतं, हा दोष आहे.

अहवाल यायला काही आठवडे गेले. दारू नाही, कार्बन मोनॉक्साइड नाही, नेहमीची विषं नाहीत. दोघांच्याही रक्तात थायोसल्फेट सापडलं, लघवीत सापडलं नाही. तांडेलाच्या दुसऱ्या दिवशीच्या लघवीत मात्र सापडलं. वरवर उलटसुलट वाटणारा हा निकाल एकमेकांना जुळणारा आहे. थायोसल्फेट रक्तातून मूत्रपिंडावाटे लघवीत उतरायला वेळ लागतो. दोघांना तो वेळ मिळाला नाही, तांडेलाला मिळाला. मृत्यू मिनिटांत आला, हे घड्याळ कोणी पाहिलं नसताना या दोन नमुन्यांनी सांगितलं.

मृत्यूचं कारण मी असं लिहिलं : प्राणवायू कमी असलेल्या बंदिस्त जागेत हायड्रोजन सल्फाइड वायू श्वासावाटे गेल्यामुळे, आणि खलाशाच्या बाबतीत त्यानंतरच्या बेशुद्धीत गाळमिश्रित पाणी श्वासमार्गात गेल्यामुळे. "हृदयक्रिया व श्वसनक्रिया बंद पडून" ही ओळ मी लिहीत नाही. प्रत्येकाचंच हृदय आणि श्वास शेवटी बंद पडतो, त्यातून कारण कळत नाही. त्या ओळीवर अपघात विम्याचा दावा नैसर्गिक मृत्यू म्हणून परत येऊ शकतो, आणि परत आलेल्या दाव्यामागे पंधरा दिवसांची सून उभी असते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली अकस्मात मृत्यू म्हणून सुरू झालेली चौकशी पुढे भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ कडे, निष्काळजीपणाने झालेल्या मृत्यूकडे गेली. जबाबदारी कोणाची आणि किती, ते न्यायालय ठरवेल.

खलाशाचा मोठा भाऊ चार दिवसांनी नेपाळहून आला. त्याला हिंदीत लिहिलेला दाखला हवा होता, गावी दाखवायला. तो वाचून झाल्यावर त्याने कागद घडी करून खिशात ठेवला आणि विचारलं, "डॉक्टरसाब, भाई को पता चला होगा?"

मी त्याला खवल्याबद्दल सांगितलं. पाण्यात पडल्यावरही भावाचा श्वास काही क्षण चालू होता, हे लपवलं नाही. पण हातांवर धडपडीची एकही खूण नव्हती, म्हणजे तेव्हा तो शुद्धीत नव्हता, हेही सांगितलं. वास आला असेल, मग वास गेला असेल, आणि त्यानंतर त्याला काही कळलं नसेल.

त्याने तळहात पुढे केला आणि विचारलं, हातांवर काहीच नव्हतं? मी म्हटलं, काहीच नव्हतं.